भिवंडी ते शिरोली: पाच मायनर, एक पिकअप आणि कराडच्या पुढचे सत्तर किलोमीटर

"नुसता प्लग लावायचा, मागं वळून बघायचं नाही," असं मायनर, म्हणजे बिटकॉइन काढायची मशीन, विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं होतं. त्या एका वाक्यापायी आजवर एक लाख पंच्याऐंशी हजार गेलेत आणि कानात अजून शिट्टी वाजतेय. बिटकॉइन म्हणजे काय, पूल (अनेकांनी मशीन एकत्र लावून कमाई वाटून घेणं) म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे, ज्यांच्याकडे टाँग टेस्टर (वायरीला चिमटा लावून करंट मोजायचं मीटर) आहे आणि पंधरा किलोचं खोकं उचलताना ज्यांची कंबर धरत नाही, त्यांच्यासाठीच हे लिहितोय. बाकीच्यांनी हे पैसे पोस्टात ठेवावेत.

जानेवारीत मी आणि धाकटा मेव्हणा कोल्हापूरहून भिवंडीला गेलो, त्याच्या ओळखीची बोलेरो पिकअप घेऊन. जातानाचा प्रवास सुखाचा झाला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

गोदामात गेल्या गेल्या समजलं की "टेस्टेड" याचा अर्थ "पंखा फिरतो" एवढाच आहे. आम्हाला तीन अँटमायनर एस१९ घ्यायचे होते, ९५ टेराहॅशवाले (टेराहॅश म्हणजे मशीनचा हिशेब करण्याचा वेग), नगाला ४२ हजार. मालकानं मशीन लावलं, पंखे किंचाळले, "बघा, चालू" म्हणाला आणि बंद करायला हात पुढं केला. मेव्हण्यानं तो हात धरला. "मामा, तासभर चालू दे की. आम्ही च्या पिऊन येतो." चहा प्यायला गेलो नाहीच. लॅपटॉप लावून मशीनची माहिती दाखवणारं पान उघडून बसलो.

इथं घाई केलीत तर गेलात. एस१९ मध्ये तीन हॅशबोर्ड (हिशेब करणाऱ्या चिपांच्या पाट्या) असतात आणि प्रत्येकावर ७६ चिपा. मशीन सुरू होताना लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदीत, प्रत्येक बोर्डासमोर किती चिपा सापडल्या ते येतं. तिन्हींसमोर ७६ आलंच पाहिजे. आमच्या दुसऱ्या मशीनला पहिली वीस मिनिटं ७६-७६-७६ दिसलं, मग बोर्ड तापला आणि तिसऱ्याचा आकडा शून्यावर आला. पाच मिनिटांत उरकलं असतं तर तेच मशीन घरी आलं असतं. ते परत दिलं, दुसरं घेतलं. त्याच्या तीन बोर्डांवरचे स्टिकर वेगवेगळ्या मशीनचे निघाले, म्हणजे जोडाजोड केलेला माल. पण आकडे तासभर हलले नाहीत म्हणून तो घेतला, आणि आजही तोच सगळ्यात शहाण्यासारखा चालतोय. आपलं नशीब.

आणखी दोन गोष्टी. बोर्डाला बोट लावून बघा. तेलकट लागलं तर ते मशीन थंड राहावं म्हणून तेलाच्या टाकीत बुडवून चालवलेलं असणार. तसं मशीन वाईटच असतं असं नाही, पण पंखे कुणी आणि कुठले लावलेत ते विचारा. आणि घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे मेमरी कार्डानं मूळ फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकणं. जुन्या मालात कधी कधी असं फर्मवेअर असतं की तुमच्या मशीनचे काही टक्के हॅश गुपचूप दुसऱ्याच्या खात्यात जातात. वीजबिल तुमचं, कमाई त्याची.

एवढी अक्कल दाखवून शेवटी मी माती खाल्लीच. निघताना मालक म्हणाला, "ही दोन २०१९ सालची पडलीत, नऊ-नऊ हजारात घेऊन जा." मेव्हणा नको म्हणत होता. मी घेतली.

गोदामातून बाहेर पडताना हमालांनी वाराई, म्हणजे माल चढवण्याची मजुरी, मागितली, नगाला अडीचशे. खोकी आम्हीच उचलून गाडीत ठेवली होती! "उचला नाही तर बघत उभे राहा, वाराई द्यावीच लागते," असं उत्तर मिळालं. पाच नगांचे साडेबाराशे झाले, घासाघीस करून आठशेवर आणले. भाव ठरवतानाच "गाडीत भरून" असं बोलून घ्या आणि पक्कं बिल व ई-वे बिल (माल रस्त्यानं नेण्याचा सरकारी कागद) हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका. बिलावर मशीनचे नंबरसुद्धा लिहून घ्या.

आता रस्ता. पुण्यापर्यंत आणि पुढं साताऱ्यापर्यंत काही झालं नाही, झालं असलं तरी आठवत नाही. रात्री साडेअकराला कराडला पोचलो आणि तिथून नरक सुरू झाला. कागलपर्यंत सहापदरीकरणाचं काम, मलकापूरच्या उड्डाणपुलाखालून वळवलेली वाट, दर दोन किलोमीटरला "वळण" म्हणून ठेवलेली पिंपं, आणि सेवारस्त्यावर असा एक-एक खड्डा की त्यात म्हैस बसावी. त्यात ऊसतोडीचे दिवस. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, नुसतं उसाचं काळं भिताड अचानक समोर. पेठ नाक्याजवळ मेव्हण्यानं असा ब्रेक मारला की मागचं खोकं केबिनवर आदळल्याचा आवाज मी अजून झोपेत ऐकतो.

आणि मूर्खपणा म्हणजे गाडीच. पिकअप दीड टन माल वाहायला बनवलेली, तिचे पाटे त्या हिशेबाने कडक. आमचा माल पाऊणशे किलो. रिकाम्या पिकअपमध्ये मागं बसलाय कधी? तशी ती पाच मशीन कराडपासून कोल्हापूरजवळच्या शिरोलीपर्यंत नाचत आली. एक मशीन चाळीस सेंटीमीटर लांब, वीस रुंद, तीस उंच. साध्या अर्टिगाच्या मागच्या सीटवर पाचही मावली असती, सीट बेल्ट लावून. पिकअपचं भाडं आणि डिझेल मिळून साडेनऊ हजार गेले ते वेगळेच.

किणी टोल, वाठार, टोप ही नावं आता ऐकवत नाहीत. पहाटे सव्वादोनला शिरोलीत पोचलो. सकाळी खोकी उघडली. तिन्ही एस१९ ठणठणीत. २०१९ च्या दोन्ही मशीनमधून खुळखुळा वाजत होता. उलटं केलं तर अॅल्युमिनियमची छोटी छोटी पिसं खाली पडली, एकातून सात, दुसऱ्यातून चार. ते चिपांवर डाग (सोल्डर) देऊन बसवलेले हीटसिंक, चिपांची उष्णता ओढून घेणारे. त्या पिढीच्या काही मशीनची ही खोड जुन्या लोकांना माहीत आहे: डाग कच्चा, उष्णतेनं आधीच सैल झालेला, आणि सुटलेला तुकडा शेजारच्या चिपांवर पडला की शॉर्ट. म्हणजे मुळात दुखणं जुनं, रस्त्यानं फक्त जीव घेतला. खुळखुळा वाजतोय तोवर मशीनला वीज दाखवू नका. मी एकाला दाखवली. टप् असा आवाज आला आणि शेडभर वास पसरला.

शिरोलीत मशीन ठेवायला जागा आधीच ठरवली होती. एका गृहस्थांच्या शेडमध्ये, त्यांच्याच मीटरवर, युनिटला पावणेनऊ रुपये, "सगळं धरून". महिन्याच्या शेवटी हिशेब आला त्यात एक्झॉस्ट पंख्याची वीज वेगळी, डिमांड चार्जाचा (जोडणीच्या भारावरच्या आकाराचा) वाटा वेगळा आणि "देखरेख" म्हणून आणखी दीड हजार. सगळं भागवून युनिट साडेदहाला पडलं. "काका, सगळं धरून म्हणाला होता ना?" म्हटलं, तर म्हणाले, "ते विजेचं सगळं धरून." आता यावर काय बोलणार? होस्टिंगला, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत चालवायला, मशीन देणार असाल तर तुमच्या लाइनवर तुमचा स्वतंत्र सबमीटर बसवा, आणि दर पंख्यासकट की पंख्याविना हे कागदावर लिहून घ्या. माणूस ओळखीचा असेल तर दोनदा लिहून घ्या.

पण पैशापेक्षा वाईट होती ती हवा. शेडला लागून फाउंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना. कोल्हापूरच्या फाउंड्रीचा मला अभिमान आहे, पण तिच्या भिंतीला मायनर लावू नये. साचे फोडताना आणि कास्टिंग घासताना उडणारी धूळ म्हणजे वाळू, कोळशाची भुकटी आणि लोखंडाचा चुरा. एस१९ चे चार पंखे ती धूळ चोवीस तास थेट बोर्डावर ओढतात. घरातली धूळ मशीन फक्त गरम करते, ही धूळ वीज वाहून नेते. एकविसाव्या दिवशी एक बोर्ड काढून पांढऱ्या रुमालानं पुसला. रुमालाला काजळ लागल्यासारखं झालं, आणि स्पीकरचं चुंबक त्यावरून फिरवलं तर त्याला केस फुटले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, हे मशीन बिटकॉइन काढतंय का लोखंड?" त्याच दिवशी गाशा गुंडाळला.

शिवाय शेजारची भट्टी चढली की व्होल्टेज लटपटायचं. एस१९ च्या पॉवर सप्लायला २०० ते २४० व्होल्ट लागतात. संध्याकाळी १९२-१९५ वर आलं की मशीन मान टाकायचं, मग परत उठायला दहा मिनिटं. बल्ब मंद झाला तरी आपल्याला चालतं, याला चालत नाही. जागा बघायला जाल तेव्हा संध्याकाळी सात वाजता मीटर लावून बघा. सकाळी अकराला सगळीकडंच २३० असतं. पंचगंगेच्या बाजूची सखल जागा तर फुकट मिळाली तरी नको. २०१९ आणि २०२१ ला तिथं महामार्गच पाण्याखाली होता.

सध्या मशीन गोकुळ शिरगावच्या बाजूला मेव्हण्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये आहेत, आणि पहिल्यांदाच झोप लागतेय.

वायरिंगमध्ये काटकसर नको. एक एस१९ ३२५० वॅट घेतं, म्हणजे १४ अँपिअर, तेही सलग. गिझरवाला सोळा अँपिअरचा प्लग गिझरला पंधरा मिनिटं चालतो म्हणून इथंही चालेल, असा आमच्या पहिल्या वायरमनचा हिशेब होता. तिसऱ्या दिवशी प्लगचा रंग चहासारखा झाला. आता दर मशीनला चार स्क्वेअर एमएमची तांब्याची स्वतंत्र वायर, २० अँपिअरचा एमसीबी, मेटल क्लॅड सॉकेट, आणि प्रत्येक टोकाला नीट लग (वायरीच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) मारलेला. मशीनला दोन केबल लागतात, दोन्ही एकाच फेजवर घ्या. तीन मशीन तीन फेजवर वाटली की भार सारखा राहतो.

थंड करण्याबद्दल जो तो एसी सांगतो. एका एस१९ ची उष्णता जवळजवळ एक टनाच्या एसीएवढी आहे. तीन मशीनला तीन टन एसी लावाल तर वीजबिल बघून तुम्हीच थंड व्हाल. हवा गार करायचीच नाही, बाहेर हाकलायची. शेडच्या मधोमध प्लायची आडभिंत घातली, त्यात मशीनच्या मापाची तीन भोकं पाडली, तोंड अलीकडं आणि ढुंगण पलीकडं. अलीकडच्या खिडक्यांना जाळी आणि फिल्टरचं कापड, पलीकडं वर दोन मोठे एक्झॉस्ट. गरम हवा परत तोंडाकडं आली नाही पाहिजे, एवढं एकच बघायचं. आमच्या आडभिंतीला प्लाय आणि पत्र्याच्या मध्ये चार बोटं फट राहिली होती. ती फोमनं बुजवली आणि चिपांचं तापमान नऊ अंशांनी उतरलं. एसीवाल्याला हे सांगितलं तर त्यानं फोन ठेवला.

एप्रिलमध्ये खिडकीला पाण्याचे पॅड लावले, छान चालले. पावसाळ्यात ते काढा. इथल्या आषाढातल्या हवेला आणखी पाणी पाजण्यात काही अर्थ नाही. पावसाळी किडे मात्र संध्याकाळी दिव्यावर येतात तसे मशीनवर येतात आणि सरळ पंख्यात जातात, म्हणून जाळी बारीक हवी. उसाचं पाचट पेटवतात तेव्हा काळी राख उडत येते, त्या दिवसात कापड आठवड्याला झटका. सासूबाईंनी गरम बाजूला मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. दोन दिवसांत खडखडीत! पण एक्झॉस्टच्या समोर उभा राहणारा गडी शिंकून शिंकून बेजार झाला, तेव्हा तो उद्योग बंद.

आवाज एका मशीनचा ७५ डेसिबल. घरात, माडीवर, गच्चीच्या खोलीत नकोच. आजूबाजूची माणसं चांगली असतील तर आणखी नकोच.

"शेताच्या पंपाच्या लाइटवर लाव की, कोण बघतंय," हा सल्ला मला चौघांनी दिला. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते. आणि रात्रीच्या शिवारात तीन मायनर मैलावरून ऐकू येतात.

आता ज्यासाठी तुम्ही इथवर वाचलंत ते. एप्रिल २०२४ च्या हाल्विंगनंतर (तेव्हा बक्षीस निम्मं झालं) एका ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला, ३.१२५ बिटकॉइन मिळतात, दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे सगळ्या जगाला मिळून ४५०. जगातल्या सगळ्या मशीनचा मिळून वेग, म्हणजे हॅशरेट, हजार एक्झाहॅश धरला (एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) तर माझ्या ९५ टेराहॅशच्या वाट्याला रोज ०.००००४३ येतं. बिटकॉइन ऐंशी लाखाला धरलं तर ३४० रुपये. तेच मशीन दिवसाला ७८ युनिट खातं, नऊ रुपयांनी ७०२. विकत घेतलेल्या विजेवर कोल्हापुरात एस१९ चालवणं म्हणजे सातशे रुपये देऊन साडेतीनशे घेणं. त्यावर ३० टक्के कर, आणि त्यातून वीजबिल वजा करता येत नाही. हे भिवंडीत कुणी सांगितलं नाही, आणि मीही कागदावर मांडलं नव्हतं, खरं बोलायचं तर.

आमचं चालतं ते शेडवरच्या २० किलोवॉट सोलरमुळं. ते दिवसाला ऐंशी युनिटच्या आसपास देतं, म्हणजे एका मशीनचं चोवीस तासांचं जेवण, किंवा तिघांचं आठ तासांचं. आम्ही तिन्ही सकाळी नऊ ते पाच चालवत होतो. रोज तापणं-गार होणं बोर्डाच्या डागांना मानवत नाही, त्यामुळं आता एकच मशीन अखंड चालतं, रात्री घेतलेली वीज दिवसा सोलरनं ग्रिडला दिलेल्या विजेत वळती होते. बाकीची दोन झाकून ठेवलीत.

२०१९ च्या दोन मशीनचे पंखे आणि कंट्रोल बोर्ड चांगले आहेत. कुणाला हवे असतील तर विकायचेत. उत्तरेकडून येणार असाल तर कराड उजेडात पार होईल असं निघा, कार आणा, आणि मागच्या सीटवर गादी टाका.