दोन शाळांच्या मधले आठवडे
शाळा बदलताना मूल काही आठवडे घरी राहणार आणि तुम्हीच शिकवणार असाल, तर जुन्या शाळेतून दाखला काढतानाच मुलाच्या वह्या मागून घ्या. तपासायला दिलेल्या वह्या हमखास जुन्या शाळेतच राहतात. नव्या शाळेला आत्तापर्यंत कुठले धडे झाले एवढं विचारलं तरी पुरे.

खरी गोची गणितात. एकीकडे अपूर्णांक झालेले, दुसरीकडे व्हायचे. मग तोच भाग दोनदा होतो किंवा साफ सुटतो. सुटलेल्यापासूनच सुरुवात करा. ३/४ मोठा की २/३, हे विचारून बघा. ‘३/४, कारण चार मोठा’ असं मूल म्हणालं तर उत्तर बरोबर, कारण चूक. लगेच २/३ आणि २/५ विचारा, घोळ उघडा पडेल. मग कागदाच्या सारख्या पट्ट्या दुमडून दाखवा.

घरी सहा तासांची शाळा भरवू नका. समोर एकच मूल असतं. प्राथमिकला दीड-दोन तास पुष्कळ झाले.