तेरा फूट कमी पडलं

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं पत्र आलं. चार ओळींत शाळा कशी मावायची? म्हणून मी फक्त आपल्या मराठीच्या सरांवर लिहितो. नाव लिहीत नाही. अंबाजोगाईत ‘धोतरवाले सर’ म्हटलं की झालं. बाकीच्यांनी राग मानू नये. गणिताच्या सरांचंही देणं होतं, पण ते छड्यांतच फिटलं.

सर शिकले निजामाच्या राज्यात, उर्दू माध्यमातून. गावाचं नाव तेव्हा मोमिनाबाद. मराठी त्यांनी घरी, पोथ्यांवरून कमावली. म्हणूनच की काय, ‘मुकुंदराजांच्या गावची पोरं तुम्ही, ‘विवेकसिंधु’ शके 1110चा,’ हे आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागायचं.

आठवीत दासोपंत चालू होते. गीतेवर सव्वा लाख ओव्या लिहिणारा माणूस. शिवाय कापडावर लिहिलेली पासोडी, 40 फूट लांब, 4 फूट रुंद. सरांनी विचारलं, “एवढं कापड दिसतं कसं रे?” सगळे गप्प. “उद्या कुणीतरी लुगडं आणा.”

मी आणलं. पेटीतलं, मायला न विचारता. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात पसरलं. नऊ वार म्हणजे 27 फूट. 13 फूट कमी पडलं. सर स्वतःच्या धोतराकडे बघून हसले आणि मागच्या दोरीवरचं शिपाईमामांचं वाळत घातलेलं धोतर ओढून आणलं. मग पावलं टाकत मोजायला लागले. मोजणी मात्र उर्दूत! त्या टोकाला पोचल्यावर म्हणाले, “आता इथपर्यंत बारीक अक्षरात लिहायचं. कोण लिहितो?” मी खाली वाकलो आणि खिशातला पेन गळला. पदरावर रुपयाएवढा निळा डाग.

संध्याकाळी मायनं मला बडवलं. “मास्तरला नसंल अक्कल, तुला तरी हाय का?”

दुसऱ्या दिवशी सर स्वतः दारात. मायनं पदर सावरला, पाण्याचा तांब्या ठेवला. सर म्हणाले, “वहिनी, चूक माझी. दासोपंतांना लिहायला रोज ढब्बू पैशाची शाई लागायची म्हणतात. त्यातलाच एक थेंब तुमच्या पदराला लागला म्हणा.” माय काही बोलली नाही. पण ते लुगडं ती पुढे एकादशीला नेसायला लागली, डागासकट.

मी बँकेत लागलो, मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. दोन कवितासंग्रह निघाले. पहिल्याच्या प्रकाशनाला सर आले आणि वृत्ताच्या तीन चुका काढून गेले. 3 ऑक्टोबर 2024ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा सवयीनं त्यांचाच नंबर शोधायला लागलो. त्यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

परवा शाळेत येऊन गेलो. नवी इमारत झकास. वाचनालयाला मात्र कुलूप, खिडकीतून बघितलं तर कपाटांपुढे मोडके बाक रचलेले. शुक्रवारचा पुस्तक बदलायचा तासही आता नाही म्हणे. तेवढं बघा राव कुणीतरी.

संपादकांनी सरांसोबतचा फोटो मागितलाय. माझ्याकडे एकही नाही. मायनं त्या लुगड्याची पुढे गोधडी शिवली. डागाचा तुकडा तिनं मुद्दाम मधोमध घेतलाय, आता पार फिका पडलाय. त्याचा फोटो पाठवतोय. छापता आला तर बघा.