विमानातले कपडे खुर्चीवर बसून निवडा

प्रवासाचे कपडे आपण आरशासमोर उभं राहून ठरवतो आणि मग त्याच कपड्यांत तासन्‌तास बसून राहतो. उभं असताना झकास दिसणारी पँट बसल्यावर पोटात रुतते, गुडघ्यामागे गोळा होते, मागून खाली सरकते. म्हणून आदल्या दिवशी सगळे कपडे अंगावर चढवा आणि एखाद्या अरुंद खुर्चीत दहा मिनिटं नीट बसा. वाकून पायाशी ठेवलेली पिशवी उचला. मग उभं राहून दोन्ही हात डोक्यावर न्या, कारण बॅग वरच्या कप्प्यात टाकताना हेच करावं लागतं. तेव्हा टॉप वर चढून पाठ उघडी पडत असेल, तर तो कितीही आवडता असला तरी या प्रवासाला नको.

सगळ्यात जास्त लक्ष कमरेकडे द्या. विमान खूप उंचावर असताना केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका ठेवलेला असतो. दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो. ८,००० फुटांच्या हिशेबाने जवळजवळ एक तृतीयांशाने. जमिनीवर बरोब्बर बसणारी कमर वर गेल्यावर आवळायला लागते ती यामुळेच. बसलेलं असताना पोट आणि पँटची पट्टी यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. इलॅस्टिक असेल तर ४-५ सेंटिमीटर रुंद घ्या. बारीक इलॅस्टिकचा सगळा ताण एका रेषेवर येतो आणि उतरेपर्यंत कमरेवर वळ उठलेला असतो. नाडीची जाड गाठ किंवा पट्ट्याचं मोठं बक्कल सीट बेल्टखाली दाबलं जातं, तेही टाळा. जीन्सच घालायची असेल तर पातळ आणि थोडं इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) असलेली घ्या. जाड डेनिमची शिवण गुडघ्यामागे टोचते आणि मागच्या खिशांवरचे धातूचे रिव्हेट बसल्या जागी रुततात.

कापडाची परीक्षा सोपी आहे. टोक मुठीत घट्ट चुरगाळा, तीस आकडे मोजा, सोडा. ठळक घड्या तशाच राहिल्या तर चार तासांनी मांडीवर त्याच दिसतील. लिनन इथे हमखास नापास होतं, पातळ सुती शर्टही बहुधा होतो. मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेल्या कापडापेक्षा जर्सीसारखं (टी-शर्टचं असतं तसं) निटिंगचं कापड लवकर सावरतं. पँटसाठी मला पाँटे सगळ्यात भरवशाचं वाटतं. ते दुहेरी निटिंगचं, अंगाने जाड कापड असतं. दिसायला फॉर्मल पँटसारखं आणि ताणायला ट्रॅकपँटसारखं. निव्वळ व्हिस्कोसची (रेयॉनची) पँट मात्र गुडघ्यावर फुगा धरते आणि तो धुतल्याशिवाय जात नाही.

अंगालगतच्या थरासाठी मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर घ्या, १५० ते २०० जीएसएमची (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन इतके ग्रॅम). लोकर म्हटलं की खाज आठवते, पण मेरिनोचा धागा बारीक असतो आणि बहुतेकांना टोचत नाही. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा ती शोषते आणि तरी ओली लागत नाही, शिवाय घामाचा वास लवकर धरत नाही. केबिनची हवा अतिशय कोरडी असते, आर्द्रता बरेचदा २० टक्क्यांच्या खाली. अशा हवेत पॉलिस्टर अंगाला चिकटतं आणि बारीक झटके देतं. आणखी एक गंभीर कारण आहे. आगीच्या प्रसंगी नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतात. लोकर वितळत नाही आणि सहजासहजी पेटही घेत नाही. पूर्ण बाह्या आणि पूर्ण लांबीची पँट घालावी, हेही त्यासाठीच.

वरचा थर पुढून उघडणारा हवा. सीटची रुंदी जेमतेम १७-१८ इंच. तिथे डोक्यातून स्वेटर काढायला गेलं की शेजाऱ्याला कोपर लागलंच म्हणून समजा. हुडी बघायला छान, पण हुडची गुंडाळी मानेमागे येते आणि डोकं सतत पुढे ढकललं जातं. तीच गत मागे लावलेल्या मोठ्या हेअर क्लिपची. साधारण ७० सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटर लांब स्टोल मात्र जरूर ठेवा. खिडकीशी आणि दारांजवळच्या सीटवर गारठा जास्त असतो.

सुरक्षा तपासणीत जाड शिवणी, सिक्विन, धातूची बटणं आणि भरलेले कार्गो खिसे बॉडी स्कॅनरवर खुणावले जातात आणि हाताने झडती होते. साधे कपडे घालून गेलात की हा वेळ वाचतो.

पाय बराच वेळ खाली लोंबकळले आणि पोटऱ्यांची हालचाल थांबली की पावलं सुजतात. सकाळी घट्ट बसणारा बूट संध्याकाळी चढत नाही. लेस सैल करता येईल असा किंवा वरचा भाग ताणला जाईल असा बूट घ्या. उंच टाचा नकोतच. आपत्कालीन घसरगुंडीवर त्या काढायला लावतात, कारण टाचेने घसरगुंडी फाटू शकते. उड्डाणाच्या आणि उतरायच्या वेळी बूट पायातच असू द्या. चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात गुडघ्यापर्यंतचे, पोटऱ्या हलकेच आवळणारे १५-२० एमएमएचजी (दाब मोजायचं एकक) दाबाचे कॉम्प्रेशन मोजे उपयोगी पडतात. ते सकाळी, सूज यायच्या आधी घाला आणि वरची कड दुमडू नका, नाहीतर तिथे दोरी बांधल्यासारखा दाब येतो. मधुमेह किंवा पायातल्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता दिसण्याचं. टॉप आणि पँट एकाच गडद रंगाचे घेतले की उंची सलग दिसते आणि डाग लपतात. काळ्यापेक्षा मी गडद निळा किंवा कोळशाचा राखाडी सुचवेन. ब्लँकेटचे पांढरे तंतू काळ्यावर लगेच उठून दिसतात. पँटची लांबी घोट्याशी संपू द्या, टॉयलेटची जमीन बहुतेक वेळा ओली असते. जंपसूटही त्याच कारणासाठी बाद. आत सगळं सैल आणि मऊ असलं की अंगावरची एक तरी गोष्ट बांधीव हवी, नाहीतर झोपेतून उठून आल्यासारखं दिसतं. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर बसणारा, अस्तर नसलेला निटेड ब्लेझर हे काम चोख करतो.

तो ब्लेझर बसल्यावर काढून ठेवा. एक खांदा उलटा करा, दुसरा खांदा त्या खळग्यात बसवा, म्हणजे आतली बाजू बाहेर येते. मग उभी घडी घाला. कप्प्यात सगळ्यांच्या बॅगा ठेवून झाल्या की सर्वांत वर ठेवा. आधी ठेवलात तर कोणाची तरी ट्रॉली बॅग त्यावर येईल.