स्टॅक संपल्यावरही हँडलर चालवायचा होता : माझा अनुभव

सांगलीजवळच्या एका शीतगृहात बेदाण्याच्या लॉटचा हिशेब ठेवणारा, सी भाषेत लिहिलेला एक जुना सर्व्हर मी सांभाळतो. तासगाव, कवठेमहांकाळकडचा माल येतो. एका लॉटचे चार होतात, दोन मिसळून नवा होतो. कुठला माल मूळ कुणाचा, हे शोधायला प्रोग्रॅम रिकर्जनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत, मागे मागे जातो. ऐन हंगामात तो मधूनच बंद पडायला लागला. दिवाणजींचा फोन ठरलेला : "सर, परत बसलंय बघा तुमचं."

कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. सेगफॉल्टचा (नको त्या मेमरीला हात लावल्याचा) सिग्नल पकडणारा हँडलर, म्हणजे अशा वेळी चालणारं फंक्शन, कोडमध्ये आधीपासून होता. नल पॉइंटर (कुठेच न दाखवणारा पत्ता) मुद्दाम वापरून पाहिला, तर लॉगमध्ये व्यवस्थित ओळ उमटली. खरा क्रॅश झाला की मात्र लॉग कोरा.

कारण कळल्यावर सगळं सरळ वाटलं. सिग्नल हँडलर चालवायचा तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आधी रजिस्टरांची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यांची, स्थिती स्टॅकवर (चालू फंक्शनांच्या नोंदी ठेवायच्या मेमरीत) मांडून ठेवतो, आणि हँडलरही त्याच स्टॅकवर चालतो. लिनक्सवर स्टॅकची मर्यादा साधारणपणे ८ एमबी असते. रिकर्जनने ती संपवली म्हणून तर सेगफॉल्ट आला. आता ती मांडणी करायला जागा कुठली? मग कर्नल हँडलरचा नाद सोडतो आणि प्रोसेस थेट मारून टाकतो. आयर्विन पुलाजवळ पाणी किती चढलं हे कळवणाऱ्या माणसाला नदीपात्रातच बसवावं, तसला प्रकार.

यावरचा उपाय युनिक्समध्ये फार जुना आहे. १९८३ च्या ४.२ बीएसडीत त्यासाठी सिगस्टॅक नावाचा कॉल होता, आता सिगऑल्टस्टॅक वापरतात. पर्यायी स्टॅक म्हणून वेगळी जागा राखायची, तिचा पत्ता आणि आकार कर्नलला सांगायचा आणि हँडलर नोंदवणाऱ्या सिगअ‍ॅक्शनमध्ये एसए_ऑनस्टॅक हा फ्लॅग लावायचा. फ्लॅग लावायचा राहून गेला तर राखलेली जागा तशीच पडून राहते आणि कुठलीही एरर येत नाही. हे मला या सगळ्या रचनेतलं सगळ्यात वाईट वाटतं.

जागा किती ठेवायची यावर मात्र माझा बराच वेळ गेला. जुन्या उदाहरणांत सिगएसटीकेएसझेड या ठरवून दिलेल्या आकाराचा स्टॅटिक अ‍ॅरे असतो. एक्स८६ वर तो आकडा ८१९२ बाइटचा, आणि किमान मर्यादा २०४८ ची. पण नव्या प्रोसेसरांतल्या एव्हीएक्स-५१२ या सूचनासंचात ६४ बाइटचे ३२ रजिस्टर आहेत, म्हणजे त्यांनाच २०४८ बाइट लागतात. बाकीचं ठेवायचं कुठे? म्हणून २०२१ मध्ये आलेल्या जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.३४ पासून जीएनयू-सोर्स मॅक्रो (जादा सोयी मागणारी खूण) चालू असेल, तर हा आकडा स्थिरांक राहत नाही, तो प्रोग्रॅम चालताना विचारावा लागतो. आमच्या नव्या मशीनवर तो स्टॅटिक अ‍ॅरे कंपाइलच झाला नाही, ते यामुळेच. मी एमएमॅप या कॉलने कर्नलकडून सरळ ६४ केबी घेतले आणि त्याखाली हात लावता येणार नाही असं एक पान ठेवलं. हँडलरनेच मर्यादा ओलांडली तर शेजारचा डेटा तरी बिघडू नये.

दुसरी मेख थ्रेडची, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांची. पर्यायी स्टॅक प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र असतो आणि नव्या थ्रेडला तो आपोआप मिळत नाही. आमचं रिकर्जन तर वर्कर थ्रेडमध्येच चालायचं. मुख्य थ्रेडवर कितीही बंदोबस्त केला असता, तरी लॉग कोराच राहिला असता. म्हणून प्रत्येक वर्करच्या सुरुवातीलाच हा कॉल टाकला. थ्रेड संपताना आधी एसएस_डिसेबलने पर्यायी स्टॅक बंद, मग जागा परत. हा क्रम उलटा चालत नाही.

हँडलर मुद्दाम तोकडा ठेवला. त्यात प्रिंटएफ, मॅलॉक काही नाही (हँडलरमध्ये ती सुरक्षित नसतात), नुसता राइट. हाती असलेल्या लॉटचा क्रमांक प्रत्येक थ्रेड आधीच एका बफरमध्ये मजकूर म्हणून लिहून ठेवतो, हँडलर तो आणि सिग्नलसोबत आलेला पत्ता तेवढा बाहेर टाकतो. पत्ता स्टॅकच्या टोकाशी असेल तर स्टॅक भरला, नाहीतर पॉइंटरची भानगड. हँडलर एकदाच चालू देणारा एसए_रीसेटहँड फ्लॅगही लावलाय : हँडलरमधून परतल्यावर तीच सूचना पुन्हा चालते, पुन्हा सेगफॉल्ट येतो, पण यावेळी डिफॉल्ट कृती होते. त्यामुळे कोअर फाइलही (क्रॅशच्या क्षणीच्या मेमरीची प्रत) मिळते आणि जीडीबी या डीबगरमध्ये रिकर्जनची सगळी माळ दिसते.

चाचणीसाठी युलिमिट -एस ने मर्यादा एकदम खाली आणली, म्हणजे ८ एमबी भरायची वाट बघावी लागत नाही. ऑप्टिमायझेशन बंद ठेवावं लागतं, नाहीतर कंपायलर चाचणीतल्या साध्या रिकर्जनचं लूप करून टाकतो आणि स्टॅक भरतच नाही.

पुढच्या क्रॅशला लॉगमध्ये लॉट क्रमांक आला. दिवाणजींना फोनवर सांगितला, त्यांनी वही काढली. मिसळणीच्या दोन नोंदींत पहिला लॉट दुसऱ्यापासून झालेला आणि दुसरा पहिल्यापासून, त्यामुळे शोध गोल गोल फिरत होता. नोंद त्यांनी दुरुस्त केली, मी पाहिलेले लॉट लक्षात ठेवणारी तपासणी घातली. पर्यायी स्टॅक मात्र काढला नाही.