आमच्या भिंतीवर 98 इंच

तीन रविवार खपले, पण काल रात्री नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या हॉलमध्ये घरी बनवलेला प्रोजेक्टर लागला. प्लायवूडची पेटी, 7 इंची एलसीडी पॅनेल, 100 वॉटचा एलईडी, दोन फ्रेनेल लेन्स (बारीक खाचांच्या सपाट, पातळ लेन्स) आणि 200 मिमी फोकल लेंथचं भिंग.

पॅनेलमागची बॅकलाइट सोडवताना हात थरथरत होते. रिबन केबल तुटली की पॅनेल गेलंच. खरा त्रास मात्र उष्णतेचा. पॅनेल बहुतेक प्रकाश स्वतःच गिळतं आणि तापतं. सातपूरच्या भंगारवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमचा जाड हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा तुकडा) आणला, पंखे दोन लावले: एक एलईडीला, एक खास पॅनेलला.

भिंत भिंगापासून 3 मीटर, म्हणून चित्र स्पष्ट यायला पॅनेल भिंगामागे 214 मिमीवर. चित्र 14 पट, म्हणजे 98 इंच! भिंगातून ते उलटं पडतं, म्हणून पॅनेलच उलटं बसवलं.

पहिल्यांदा लावला तो मीच मोबाइलवर काढलेला गोदाघाटाचा व्हिडिओ. आई म्हणाली, "अरे, ट्यूब बंद कर ना, नीट दिसू दे." दादासाहेब फाळके इथल्याच त्र्यंबकेश्वरचे, 1870 चा जन्म, काल ते फार जवळचे वाटले.

कोपरे अजून अंधारे आहेत. रविवारी मागची फ्रेनेल सरकवून बघतो.