बोळा असलेली तळी

हनोव्हरहून गोस्लारपर्यंत ट्रेन आणि पुढे घाटातून बस. ‘घाट’ हा शब्द माझा. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला जर्मनीतले हार्ट्सचे डोंगर बघून आधी थोडं हसूच येतं. इथलं सगळ्यात उंच शिखर ब्रोकेन, ते ११४१ मीटर. आपली कळसूबाई त्याला सहज खिशात टाकेल. पण बस वर पोचली आणि दाराबाहेरचा वारा कानाला लागला, तेव्हा माझं हसू जागच्या जागी विरलं. जून महिना होता आणि मी स्वेटर आणला नव्हता.

मुक्काम बुंटेनबॉकला होता. हे क्लाउस्टाल-त्सेलरफेल्ड या जुन्या खाणगावाला जोडलेलं एक खेडं, पूर्वी गाडीवानांचं. घोडागाड्यांतून खाणींसाठी मालाची ने-आण करणारी घरं इथली. आता सगळं शांत. लाकडी घरं, खिडक्यांत फुलं आणि दहा मिनिटं कुठल्याही दिशेला चाललं की एक तळं. काठावर गवत, मागे सूचिपर्णी झाडं, पाण्यात ढग. मी पहिल्या संध्याकाळी वीसेक फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं, ‘निसर्ग!’

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला घरमालकीण आजींना तेच फोटो दाखवले. त्या म्हणाल्या, “यातलं एकही तळं निसर्गाचं नाही. सगळी खाणवाल्यांनी बांधलेली.”

इथे डोंगराच्या पोटात चांदी, शिसं आणि जस्त होतं. खोल जावं तसं खाणीत पाणी भरायचं. ते उपसायचे पंप चालवायला पाणचक्क्या आणि चक्क्यांना पुन्हा पाणीच हवं, तेही बारमाही. काट्याने काटा काढावा तसं पाण्याने पाणी काढायचं. म्हणून सोळाव्या शतकापासून पुढे यांनी डोंगरभर पाणी साठवलं आणि खेळवलं. १०७ तळी, ३१० किलोमीटर पाट आणि ३१ किलोमीटर भुयारी कालवे, एवढा पसारा आज संरक्षित यादीत आहे. २०१० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. यातलं सगळ्यात मोठं धरण ओडरटाइख, १७१५ ते १७२२ या काळात बांधलेलं. पुढे दीडशेहून अधिक वर्षं जर्मनीत त्याच्याहून मोठं धरण नव्हतं.

हे कळल्यावर मी तीच तळी पुन्हा बघायला गेले. आता बांध दिसला. एक काठ सरळसोट, पट्टी लावून आखल्यासारखा. त्यावर एक छोटीशी लाकडी खोली, आदल्या दिवशी मी तिला कोळ्याची झोपडी समजले होते. खाली तळाशी बांधातून जाणारा पाण्याचा लाकडी पन्हळ असतो आणि त्याच्या तोंडावर लाकडाचा बोळा. वरच्या खोलीतून दांड्याने तो उचलायचा, हवं तेवढं पाणी सोडायचं, परत बसवायचा. मोरीतल्या हौदाचा बोळा काढतात ना, अगदी तस्सं! बांधाला पाणी झिरपू नये म्हणून मातीसकट कापलेल्या गवताच्या लाद्या थरावर थर रचलेल्या. सिमेंटचा पत्ता नाही.

क्लाउस्टालला एक दिवस पुरतो. तिथलं लाकडी चर्च जर्मनीतलं सगळ्यात मोठं लाकडी चर्च आहे. रॉबर्ट कॉख १८४३ साली याच गावात जन्मले. क्षयाचा जंतू शोधणारे आणि १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आलेले तेच. पण मला जास्त भावली ती तारांची गोष्ट. खाणीतून ओझी वर ओढायच्या साखळ्या अचानक तुटायच्या. विल्हेल्म आल्बर्ट या खाण अधिकाऱ्याने लोखंडी तारा पिळून दोर वळला आणि १८३४ साली इथल्या कारोलिने खाणीत तो वापरात आला. चार तारांचा एक पीळ, असे तीन पीळ. तुमच्या सोसायटीची लिफ्ट लटकते तो दोर त्याच घराण्यातला.

सगळंच गोजिरवाणं नाही. क्लाउस्टालच्या खाणी १९३० मध्ये बंद पडल्या, पण भट्ट्यांमधलं शिसं आजही या भागातल्या मातीत आहे. आणि जंगल? खाणींसाठी मूळचं रान तोडून सरळ, लवकर वाढणारे स्प्रूस लावले. २०१८ पासूनच्या दुष्काळात साल पोखरणाऱ्या किड्यांनी त्यांचा फडशा पाडला. एका वळणावर अख्खी टेकडी राखाडी खुंटांची, जळून गेल्यासारखी. तिथे मी कॅमेरा काढला नाही. खाली मात्र बर्चची कोवळी रोपं गुडघाभर आली होती.

रविवारी परतीची बस चुकली. पुढची दोन तासांनी. आजी म्हणाल्या, “चल, पोहायला.” वय सत्तरीच्या पुढे, टॉवेल खांद्यावर टाकून निघाल्यासुद्धा. वाटेत भेटलेल्या एका आजोबांना त्यांनी “ग्ल्युक आउफ!” म्हटलं. हा खाणकामगारांचा रामराम, इथे अजून सर्रास चालतो.

पाणी चहाच्या रंगाचं आणि थंड म्हणजे दात वाजवणारं. आजी संथ हात मारत मधोमध पोचल्या. मी बांधाच्या बाजूने चार हात मारले आणि घाईघाईने काठाकडे वळले. थंडी हे एक कारण झालंच, पण बरोब्बर माझ्या पायाखाली कुठेतरी तो बोळा आहे, हे काही डोक्यातून जाईना.