तुरीची काडी आणि मलमलच्या पिशव्या

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा कुणाबद्दल लिहायचं याचा विचार करावा लागला नाही. गेल्या पौषात काका गेले. वय 91. आपल्याच शाळेच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यांतले ते विद्यार्थी. पुढे सगळी नोकरी तुरीच्या संशोधनात गेली, त्यातली बहुतेक जालन्याजवळच्या बदनापूरच्या संशोधन केंद्रात. त्यांची धाकटी मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून आम्हा सगळ्यांचेच ते काका.

1986 साली मी नववीत होतो. त्या वर्षी आमची तूर ऐन फुलोऱ्यात वाळायला लागली. सगळी एकदम नाही. इथं दोन झाडं, तिथं चार. जमिनीत ओल होती, तरी झाड उभ्या उभ्या सुकायचं. आजोबा वडिलांना बोलायचे, "तुझं ध्यानच नाही शेतात." वडील ऐकून घ्यायचे. रात्री जेवताना ते ताटावरून मान वर करायचे नाहीत.

त्याच दिवसांत शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला काका पाहुणे म्हणून आले. भाषण केलंच नाही. पिशवीतून वाळलेल्या तुरीची एक काडी काढली, ब्लेडनं उभी चिरली आणि पहिल्या बाकावरून फिरवायला दिली. सालीखालच्या पांढऱ्या लाकडात तपकिरी-काळ्या रेघा खालून वर गेलेल्या होत्या. "याला पाणी घातलं तर वाचेल का?" त्यांनी विचारलं. आम्ही एका सुरात "हो" म्हणालो. मग त्यांनी सांगितलं, की हा मर रोग. मातीतली बुरशी मुळातून आत शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. पाणी मुळाशी असतं, झाडाला मिळत नाही. शेतकऱ्याचा यात काही दोष नसतो.

ती काडी मी मागून घेतली. संध्याकाळी ओसरीवर आजोबांपुढं ठेवली आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. आजोबांनी ती बराच वेळ हातात फिरवली. वडिलांना ते काही म्हणाले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांना बोल लावणं बंद झालं. मी पुढे शेतीचं शिक्षण घेतलं आणि आज जालन्यात बियाण्यांच्या तपासणीचं काम करतो, त्याची सुरुवात त्या ओसरीवर झाली.

बदनापूरला जमिनीचा एक तुकडा मुद्दाम रोगट ठेवलेला असायचा. मर लागलेली झाडं बारीक करून तिथल्याच मातीत मिसळायची, नवे वाण त्याच मातीत पेरायचे आणि जे तगेल ते पुढं न्यायचं. वांझ रोगाची तऱ्हा वेगळी. झाड हिरवंगार राहतं, पण फुलत नाही, शेंग धरत नाही. तो पसरवणारा कोळी म्हणजे पानावरचा जीव, डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. म्हणून रोगट पान निरोगी रोपाच्या पानावर दुमडून स्टेपलरनं टाचायचं. पान सुकलं की कोळी नव्या पानावर जातो. काकांच्या शर्टाच्या खिशाला स्टेपलरच्या वजनानं कायम झोळ आलेला असायचा. अशा कामात दहा-बारा वर्षं सहज जातात. पुढं आमच्या शेतात बी.एस.एम.आर. 736 आली. त्यातला ‘बी’ बदनापूरचा. मर आणि वांझ या दोन्ही रोगांपुढं टिकणारा वाण. ते एकट्या कुणाचं काम नव्हे, आणि त्याबद्दल बोलताना काकांच्या तोंडी कायम ‘आम्ही’च असायचं.

या ‘आम्ही’त घरचेही होते, असं मी मानतो. तुरीच्या फुलावर मधमाश्या येतात आणि परागांची सरमिसळ होते. बी शुद्ध ठेवायचं तर फुलायच्या आधी फांदीला पिशवी बांधावी लागते. काकू घरच्या मशीनवर मलमलच्या पिशव्या शिवायच्या, आणि ते शिकवायला काका स्वतः शेजारी बसायचे. मुली चिठ्ठ्यांवर पेन्सिलीनं नंबर घालायच्या. शाई पावसात उतरते, पेन्सिल टिकते, हे मी त्यांच्याच ओसरीवर शिकलो. संध्याकाळच्या गाडीनं काका उतरले की वाटेत कुठं थांबायचे नाहीत. हिवाळ्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं पातेलं मधे ठेवून चौघं बसायची; भेटायला आलेल्यालाही जागा व्हायची.

पुढं काकूंची बोटं संधिवातानं वाकडी झाली. मशीन बंद झालं. त्यांची वेणी काका घालायचे, भाकरीही त्यांनीच शिकून घेतली. पहिल्या भाकरी जाड व्हायच्या, पण काकू त्या निमूट खायच्या. सहा वर्षं हे चाललं. त्या गेल्यावर मुली "आमच्याकडे चला" म्हणत राहिल्या. काकांनी घर सोडलं नाही.

दिवाळीनंतर मी शेवटचा भेटलो. अंगणात तुरीचं एकच झाड होतं, फुलांवर आलेलं. एका फांदीला काकूंच्या हातची पिशवी बांधलेली, कडेला उसवलेली.

"काका, टाका घालून देऊ का?" मी विचारलं.

"राहू दे रे. तिच्या शिवणीवर दुसरा टाका नको."

"मधमाश्या शिरतील."

"शिरू दे. आता कुठं बी शुद्ध ठेवायचंय मला," असं म्हणून ते खुर्ची ओढून झाडाशेजारी बसले आणि माझ्यासाठी दुसरी आणायला सांगितली.